नाशिक पश्चिम विधानसभा मतदारसंघ : उपनगरी प्रतिनिधित्वाची चिकित्सा

सारांश

२००८ च्या परिसीमनानंतर नाशिक शहरात जे विधानसभा मतदारसंघ नव्याने अस्तित्वात आले, त्यांपैकी नाशिक पश्चिम (क्र. १२५) हा प्रामुख्याने सातपूर, सिडको आणि अंबड या उपनगरी व औद्योगिक वस्त्यांचा मतदारसंघ आहे. येथील नागरी जीवनाचे कळीचे प्रश्न राज्य शासनाच्या मंडळांशी व महामंडळांशी, म्हणजेच विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या यंत्रणांशी निगडित आहेत. असे असूनही येथील आमदाराचे मूल्यमापन रस्ते, सभामंडप व निधी या नगरसेवकी निकषांवर होते. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे मतदारसंघाचे नाव, सीमा, लोकसंख्या व निवडणूक निकाल यांच्या आधारे तपासली आहेत आणि प्रतिनिधित्वाच्या मूल्यमापनाचा पर्यायी निकष सुचविला आहे.

बीजशब्द : परिसीमन, उपनगर, प्रतिनिधित्व, उत्तरदायित्व, सिडको, औद्योगिक वसाहत.

प्रस्तावना

मराठीतील निवडणूकविषयक लेखन बव्हंशी निकालापर्यंत येऊन थांबते. कोणता उमेदवार किती मतांनी निवडून आला, कोणत्या जातिसमूहाचा कल कोणाकडे होता, बंडखोरी कोणास भोवली, याची चर्चा विस्ताराने होते. निवडून आलेला प्रतिनिधी सभागृहात गेल्यानंतर काय करतो आणि त्याने काय करणे अपेक्षित होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. ग्रामीण मतदारसंघांविषयी सिंचन, सहकार, शेतमालाचे भाव या अनुषंगाने थोडेफार लिहिले गेले आहे. शहराच्या कडेला वाढलेल्या उपनगरी मतदारसंघांविषयी तेवढेही लिहिले गेलेले नाही.

हॅना पिटकिन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रतिनिधित्वाच्या संकल्पनेची जी मांडणी केली, तिच्यानुसार प्रतिनिधी हा लोकांसारखा असणे आणि प्रतिनिधीने लोकांच्या हितासाठी, त्यांना प्रतिसाद देत कृती करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वर्णनात्मक, तर दुसरी आशयात्मक स्वरूपाची आहे. नाशिक पश्चिमचा विचार करताना हा भेद उपयुक्त ठरतो. तथापि त्यापूर्वी एक पायरी ओलांडावी लागते. ज्या भूभागाचे प्रतिनिधित्व करावयाचे, तो भूभाग स्वतःस एक घटक म्हणून ओळखतो काय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

नाव आणि ओळख

या मतदारसंघाच्या नावातच पहिली अडचण आहे. नाशिक महानगरपालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक (सिडको). महापालिकेच्या दृष्टीने ‘नाशिक पश्चिम’ म्हणजे प्रामुख्याने गंगापूर रोड, पंडित कॉलनी, कॉलेज रोड या बाजूचा, तुलनेने सुस्थित मध्यमवर्गाचा परिसर. विधानसभेचा ‘नाशिक पश्चिम’ मात्र मुख्यत्वे सातपूर आणि नवीन नाशिक या दोन विभागांतून घडलेला आहे. एकच नाव दोन शासकीय नकाशांवर दोन निराळ्या वस्त्यांना दिले गेले आहे. घरपट्टीच्या देयकावर ‘नवीन नाशिक विभाग’, मतदार यादीवर ‘१२५ – नाशिक पश्चिम’ आणि बोलण्यात ‘सिडको’, अशा तीन नावांनिशी येथील नागरिक वावरतो. कोठे राहता असे विचारल्यावर ‘नाशिक पश्चिममध्ये’ असे उत्तर कोणी देत नाही. सिडको, सातपूर, अंबड, कामटवाडे अशीच नावे पुढे येतात.

ही केवळ नावाची गंमत नव्हे. ज्या तालुक्याच्या नावाने मतदारसंघ ओळखला जातो, तेथे ‘आमच्या तालुक्याचा आमदार’ ही भावना आपोआप तयार होते. बाजार समिती, पंचायत समिती, तहसील कचेरी आणि आमदार यांचे क्षेत्र सर्वसाधारणपणे एकमेकांशी जुळते. उपनगरात असे कोणतेही दुसरे व्यासपीठ मतदारसंघाच्या सीमेशी जुळत नाही. परिणामी आमदार हाच मतदारसंघाचा एकमेव दृश्य पुरावा ठरतो.

परिसीमनाचा मजकूर : एक वाचन

परिसीमन आदेश हा शुष्क प्रशासकीय दस्तऐवज मानला जातो. परंतु त्याचे बारकाईने वाचन केल्यास प्रतिनिधित्वाविषयीची त्याची धारणा स्पष्ट होते. परिसीमन अधिनियम, २००२ मधील कलम ९ नुसार मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावेत आणि ते आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या विद्यमान सीमा, दळणवळणाच्या सोयी व सार्वजनिक सोय यांचा विचार व्हावा, असे अपेक्षित आहे. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे हे काम केले व २००८ मध्ये नव्या सीमा अमलात आल्या.

या निकषांत ‘समान हितसंबंध असलेला समुदाय’ ही कल्पना स्वतंत्रपणे येत नाही. ब्रिटनमधील सीमा आयोगांना स्थानिक बंध विचारात घेता येतात. ऑस्ट्रेलियातील निवडणूक कायद्यांत समान हितसंबंधांचा विचार हा मान्य निकष आहे. आपल्याकडे सलगता आणि संख्या यांवर भर आहे. योगायोगाने नाशिक पश्चिमच्या बाबतीत सलग भूभाग हा बऱ्याच अंशी समान हितसंबंधांचाही भूभाग ठरला. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती आणि त्यांच्या लगत कामगारांसाठी सहा योजनांतून वसविलेली सिडकोची घरे, असा हा एकमेकांवर अवलंबून असलेला परिसर आहे. मायको (आजची बॉश), महिंद्रा यांसारखे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेले लघुउद्योग यांनी खानदेशातून तसेच कसमादे पट्ट्यातून माणसे येथे आणली. आजही सिडकोच्या बाजारात अहिराणी सहज कानी पडते. त्यांच्या जोडीला मोरवाडी, उंटवाडी, अंबड, सातपूर या मूळ गावांतील, जमिनी गेलेले शेतकरी आहेत. मुंबई-आग्रा महामार्गाने जुन्या शहरापासून सिडकोला वेगळे काढले आहे. थोडक्यात, आयोगाने न शोधता एक समाजशास्त्रीय घटक आदेशात उतरला.

मात्र आदेशाने या घटकाचे वर्णन महापालिकेच्या प्रभाग क्रमांकांतून केले, आणि येथे दुसरी अडचण उद्भवते. महापालिकेची प्रभागरचना त्यानंतर पुनःपुन्हा बदलली. २०१२ मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग होते, तर २०१७ मध्ये प्रामुख्याने चार सदस्यांचे. दोन्ही वेळी एकूण जागा १२२ होत्या. विधानसभेची सीमा जुन्या क्रमांकांवर स्थिर राहिली आणि नगरसेवकांचे प्रभाग तिच्याभोवती बदलत गेले. आपला नगरसेवक आणि आपला आमदार यांच्या क्षेत्रांचा परस्परसंबंध लक्षात ठेवणे सामान्य मतदारास अवघड झाले असल्यास दोष त्याचा नाही.

संख्येचा न्याय

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७० नुसार लोकसंख्या व जागा यांचे प्रमाण राज्यभर शक्य तितके समान असावे. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. २८८ जागांनी भागल्यास दर मतदारसंघामागे सरासरी ३ लाख ३६ हजार लोकसंख्या येते. त्याच वर्षी नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १० लाख ७७ हजार होती. म्हणजे तीन जागा आणि वर थोडी शिल्लक. शहरास पूर्व, मध्य व पश्चिम असे तीन मतदारसंघ मिळाले, ते या हिशेबाने योग्यच होते. तत्पूर्वी, १९७६ च्या परिसीमनापासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत, शहराचा व परिसराचा भार ‘नाशिक’ आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला ‘देवळाली’ या दोनच जागांवर होता. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून महापालिका झाली, औद्योगिक वसाहती विस्तारल्या, सिडको भरली. विधानसभेच्या सीमा मात्र त्याच राहिल्या. तीन दशकांच्या शहरवाढीची दखल घेण्यास २००८ साल उजाडावे लागले.

हेच चक्र आता पुन्हा फिरले आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर गेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते, म्हणजे दर मतदारसंघामागे सरासरी सुमारे ३ लाख ३७ हजार. नाशिक पश्चिममधील मतदारांची संख्या ४ लाखांच्या पुढे होती. जो मतदारसंघ ३ लाख ३६ हजार माणसांच्या सरासरीवर आखला गेला, तेथे आता केवळ मतदारच त्याहून अधिक आहेत. मुलेबाळे आणि अन्यत्र नाव नोंदलेले परगावचे कामगार या हिशेबात धरलेलेच नाहीत. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली. दक्षिण ऑस्ट्रेलियात प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर सीमांची फेरतपासणी होते. आपल्या राज्याच्या आकारमानास तेवढी वारंवारिता पेलणार नाही हे मान्य केले, तरी वेगाने वाढणाऱ्या उपनगरास तीस वर्षांची प्रतीक्षा करावयास लावणे हे समान मतमूल्याच्या तत्त्वाशी सुसंगत नाही. स्थलांतरित कामगाराच्या मताचे वजन त्याच्या गावी जितके होते, त्यापेक्षा येथे कमी भरते.

निकालांचा अर्थ

नव्या सीमांवर आजवर चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे नितीन भोसले निवडून आले. २०१४, २०१९ व २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या सीमा हिरे विजयी झाल्या. हे निकाल शेजारच्या दोन मतदारसंघांसोबत ठेवून पाहिले असता एक लक्षणीय बाब दिसते. २००९ मध्ये पूर्वमध्ये उत्तमराव ढिकले व मध्यमध्ये वसंत गिते हेही मनसेचेच उमेदवार निवडून आले. २०१४ मध्ये पूर्वमध्ये बाळासाहेब सानप, मध्यमध्ये देवयानी फरांदे, हे दोघेही भाजपचे. २०१९ व २०२४ मध्ये पूर्वमध्ये राहुल ढिकले व मध्यमध्ये फरांदे, पुन्हा भाजपच. चारही वेळा शहरातील तिन्ही जागा एकाच पक्षाकडे गेल्या. ग्रामीण भाग जोडलेल्या देवळालीचा कौल मात्र वेगळा राहिला : २००९ व २०१४ मध्ये शिवसेना, २०१९ व २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस, त्यातही २०२४ मध्ये अजित पवार यांचा पक्ष.

एकूण निकालांवरून प्रत्येक वस्तीच्या मतदानाचे अनुमान काढणे पद्धतिशास्त्रास धरून नाही, याची जाणीव ठेवूनही येथे एक निरीक्षण नोंदविता येते. पंचवटीचा पुरोहित-व्यापारी परिसर, कॉलेज रोडचा मध्यमवर्ग आणि अंबडचा कंत्राटी कामगार यांचे दैनंदिन प्रश्न सारखे नाहीत. तरीही विजयी पक्ष चारही वेळा सारखाच आहे. याचा अर्थ उपनगराचा निराळा प्रश्न निवडणुकीतील निर्णायक प्रश्न होऊ शकलेला नाही. कामगार चळवळीतील डॉ. डी. एल. कराड यांनी २०१९ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून येथून निवडणूक लढविली, परंतु कामगारवस्ती ही कामगार म्हणून मतदान करते असे चित्र निकालात उमटले नाही. येथील माणसाच्या ठायी कामगार, खानदेशी, घरमालक, भाविक आणि पक्षसमर्थक अशा अनेक ओळखी एकाच वेळी वसतात आणि मतदानाच्या दिवशी यांपैकी कोणती वर येईल हे राज्यव्यापी वातावरण ठरविते.

वर्णनात्मक प्रतिनिधित्वाच्या अंगाने मात्र नाशिकचे चित्र आश्वासक आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याची तरतूद केली, ती परिसीमनानंतर लागू होण्याच्या अटीसह. नाशिकने त्याआधीच, कोणत्याही महिला आरक्षणाविना, २०१४ पासून शहरातील तीनपैकी दोन जागांवर महिलांना निवडून दिले. २०१९ पासून देवळालीत सरोज अहिरे आहेत. ही घटना निश्चितच अभिमानाची आहे. परंतु पिटकिन यांच्या भेदाकडे परत यावयाचे तर, कोण बसले आहे याचे उत्तर मिळाल्याने काय केले याचे उत्तर मिळत नाही.

कोणाचे काम, कोणाचा जाब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सिडकोतील एखाद्या कुटुंबाचे घर सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेले आहे. हस्तांतरण, वाढीव बांधकाम, मालकी हक्क यांचे प्रश्न त्या महामंडळाशी निगडित. कुटुंबप्रमुख काम करतो ती जागा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत. तो आजारी पडल्यास सातपूरच्या राज्य कामगार विमा रुग्णालयात जातो. वीज महावितरणची. कारखान्यांचे सांडपाणी नासर्डी, म्हणजे नंदिनी, नदीत मिसळल्याची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावयाची. पाणी, गटार, रस्ता महापालिकेचा. पण वसाहतीतील उद्योजकाची तक्रार अशी की, तो महापालिकेस कर भरतो आणि महामंडळास सेवाशुल्कही.

या यादीत महापालिका वगळल्यास बाकीच्या यंत्रणा प्रामुख्याने राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहेत. सिडको ही १९७० मध्ये स्थापन झालेली शासनाच्या मालकीची कंपनी आहे. औद्योगिक विकास महामंडळ हे १९६१ च्या राज्य अधिनियमाचे अपत्य. त्यांच्या कारभाराविषयी जाब विचारण्याचे स्थान महापालिकेचे सभागृह नव्हे, तर विधानसभा आहे. महापालिकेचा कायदादेखील विधिमंडळच करते, कारण स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने त्यावरही विधिमंडळास अधिकार आहे. म्हणजे एखाद्या दुष्काळी तालुक्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, गरज या उपनगरास सभागृहात बोलणाऱ्या आमदाराची आहे.

प्रत्यक्षात मागणी कशाची होते? अंतर्गत रस्त्याचे काँक्रिटीकरण, उद्यानातील खेळणी, हरित जिम, सभामंडप, कमान. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा निधी अलीकडे वार्षिक ५ कोटी रुपयांपर्यंत वाढला, त्यामुळे ही अपेक्षा अधिकच दृढ झाली. कामाच्या फलकावर आमदाराचे नाव झळकते आणि तेच प्रतिनिधित्वाचे मोजमाप ठरते. यात दोष एकट्या प्रतिनिधीचा नाही. महापालिकेची पहिली दहा वर्षे, १९८२ ते १९९२, प्रशासकीय राजवटीची होती. पुन्हा मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते. नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करावयास गेलेला नागरिक अशा काळात आमदाराच्या संपर्क कार्यालयातच जाणार. स्थानिक लोकशाही खंडित झाली की आमदारास नगरसेवकाचे काम करावे लागते आणि आमदाराचे काम करण्यास कोणी उरत नाही, ही या काळाची खरी किंमत आहे.

मूल्यमापनाचा पर्यायी निकष

विधानसभेच्या नियमांनी सदस्याच्या हाती अनेक साधने दिली आहेत : तारांकित व अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पी मागण्यांवरील कपात सूचना, अशासकीय विधेयक. यांखेरीज सार्वजनिक उपक्रम समिती महामंडळांच्या कारभाराची तपासणी करते आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. नाशिक पश्चिमच्या संदर्भात योग्य प्रश्न असे असतील : भाडेपट्ट्याच्या घरांविषयी किती वेळा विचारणा झाली? वसाहतीतील दुहेरी कराविषयी मंत्र्यांनी कोणते आश्वासन दिले व त्याचे पुढे काय झाले? नंदिनी नदीच्या प्रदूषणावर लक्षवेधी आली काय? विमा रुग्णालयातील रिक्त पदांवर कपात सूचना आली काय?

येथे अभ्यासकास एक अनुकूल प्रसंगही उपलब्ध आहे. एकाच प्रतिनिधीने २०१४ ते २०१९ सत्ताधारी बाकांवर, २०१९ च्या अखेरीपासून जून २०२२ पर्यंत विरोधी बाकांवर आणि त्यानंतर पुन्हा सत्ताधारी बाकांवर काम केले आहे. बाके बदलल्याने प्रश्नांची संख्या, विषय आणि धार यांत फरक पडतो काय, हे सभागृहाच्या मुद्रित कार्यवाहीवरून पडताळता येईल. ती पडताळणी प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरील आहे. म्हणूनच विद्यमान वा माजी सदस्यांच्या कामगिरीवर येथे कोणताही निवाडा दिलेला नाही. आक्षेप आहे तो असा निवाडा करण्याची साधने हाताशी असताना ती न वापरणाऱ्या आपल्या सार्वजनिक चर्चेवर आणि राज्यशास्त्राच्या अध्यापनावर.

या निकषावर एक आक्षेप संभवतो. सभागृहात प्रश्न न विचारताही, मंत्रालयात पाठपुरावा करून, सदस्य कामे मार्गी लावतो, असे म्हटले जाते. ते खोटे नाही. तथापि मंत्रालयातील पाठपुरावा कृपेच्या स्वरूपाचा असतो. त्याची नोंद राहत नाही आणि पुढच्या प्रतिनिधीस तो पुढे चालविता येत नाही. सभागृहातील उत्तर हे नागरिकांच्या मालकीचे असते. त्याचा आधार घेऊन माहिती मागता येते, न्यायालयात जाता येते आणि पाच वर्षांनी मतही ठरविता येते.

समारोप

नाशिक पश्चिमच्या अभ्यासातून पुढील बाबी स्पष्ट होतात. परिसीमनाने एका औद्योगिक उपनगरास स्वतंत्र जागा दिली, परंतु नाव व सीमा यांच्या द्वारे त्यास स्वतःची ओळख दिली नाही. मतदारसंख्येच्या वाढीने ती जागाही आता अपुरी झाली आहे. चारही निवडणुकांत शहराच्या तिन्ही जागा एकाच पक्षाकडे गेल्याने उपनगराचा वेगळा प्रश्न निकालातून वेगळा दिसत नाही. आणि ज्या यंत्रणांवर येथील जीवन अवलंबून आहे, त्या विधिमंडळाला उत्तरदायी असूनही मतदार विधिमंडळातील कामाचा हिशेब मागत नाही.

पुढील परिसीमनात शहराच्या वाट्यास कदाचित आणखी जागा येईल. त्या वेळी सीमा सुचविताना महापालिकेचे विभाग, औद्योगिक वसाहती व वस्त्यांचे परस्परसंबंध यांची नोंद घेतली जावी आणि नाव लोकांच्या बोलण्यातले असावे, अशी हरकत-सूचना नागरिकांनी वेळीच दाखल करावयास हवी. त्याहून सोपे काम महाविद्यालयांच्या हाती आहे. राज्यशास्त्र विभागांनी आपापल्या मतदारसंघाशी संबंधित प्रश्न, उत्तरे व आश्वासने यांची सूची विद्यार्थ्यांकरवी दर अधिवेशनानंतर तयार करून ग्रंथालयात ठेवावी. त्यास ना मोठा निधी लागतो, ना कोणाची परवानगी. फलकावरील नावांची यादी करावयास कोणी सांगावे लागत नाही. सभागृहातील शब्दांची यादी मात्र कोणीतरी जाणीवपूर्वक ठेवावी लागते.